मोजणीकाकांनी न पुसलेला रस्ता

"जवळच आहे" असं मोजणीकाकांसमोर म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर ते हातातला घास ताटात ठेवत आणि विचारत, "कशानं?" यजमान बिचारा गोंधळे. कशानं म्हणजे काय, स्टेशनपासून जवळ आहे आमचं घर. मग काका सुरू होत. पायी जवळ, सायकलनं जवळ, की बसनं? आणि कुणाला? तुम्हाला, की तुमच्या सासूबाईंना? बर्फ पडल्यावरसुद्धा? तोवर वरण गार झालेलं असे आणि नवं घर घेतल्याचा आनंद निम्म्यावर आलेला असे. बर्लिनच्या मराठी घरांतून त्यांना जी बोलावणी जायची ती खरं तर काकूंना जायची. काकूंबरोबर काका येत, स्वस्त भाड्याच्या घराबरोबर जिन्यातला कुबट वास येतो तसे.

मला ते आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लोक एकदम मऊ होतात, ज्याला आयुष्यभर टाळलं त्याला ऋषितुल्य म्हणायला लागतात. मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. पत्रकात मऊपणाला जागा नसते. मोजणीकाका मला आगाऊ, कोरडे आणि अंगावर काही न घेणारे वाटत, आणि त्यांच्याशी माझं भांडण होतं. ते भांडण कशावरून होतं ते सांगितल्याशिवाय काका काय होते ते सांगता येणार नाही.

मूळचे पुण्याचे. गणितातली डॉक्टरेट घेऊन स्टुटगार्टला आले आणि गाडीला रस्ता सांगणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी हयात घालवली. उतारवयात बर्लिनच्या एका संशोधन संस्थेनं त्यांना बोलावून घेतलं. मोजणीकाका हे नाव बर्लिनच्या मराठी मंडळातल्या पोरांनी ठेवलेलं, कारण त्यांच्या खिशात कायम एक पांढरा दोरा असे. भिंतीवर नकाशा दिसला की दोरा बाहेर. तो रस्त्याच्या वळणावळणानं बोटानं दाबत न्यायचे, मग सरळ ताणून दाखवायचे. "बघ, पट्टीनं मोजलं असतंस तर हे एवढं अंतर कुठं गेलं असतं?" पट्टीवर त्यांचा खुनशी राग होता. पट्टी नदीवरून जाते, डोंगरातून जाते, माणूस जात नाही, असं ते आपल्याला फसवून गेलेल्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलत.

आता माझी बाजू. मी सांगलीची. बर्लिनला शिकले, शिक्षण संपल्यावर खेड्यापाड्यांच्या प्रश्नांवर लढणाऱ्या एका छोट्या संघटनेत लागले. बर्लिनचं भाडं परवडेना म्हणून रोटेनलुख नावाच्या गावात फ्राऊ नोआक यांच्या घरी वरची खोली घेतली. गाव म्हणजे एक चर्च, एक तळं, आणि डोक्यावरून जाणारा आउटोबान, म्हणजे द्रुतगती महामार्ग. ट्रकांचा आवाज चोवीस तास, पण आउटोबानला चढायला किंवा उतरायला गावाजवळ वाट नाही. फ्राऊ नोआक सत्तरी ओलांडलेल्या, गाडी चालवत नाहीत. त्यांचा मुलगा उवे चाळिशीचा, व्हीलचेअरवर. त्याच्या मदतीसाठी, तपासणीसाठी, खुर्चीच्या दुरुस्तीसाठीसुद्धा दर महिन्याला लांडक्राइसच्या कचेरीत जावं लागे. लांडक्राइस म्हणजे आपला जिल्हा समजा. कचेरीला जाणारी बस चर्चसमोरून सुटे आणि थेट दारात सोडे. ड्रायव्हर उतरून उवेसाठी फळी टाके. माझ्या व्हिसाचं ऑफिसही त्याच इमारतीत होतं, पण माझं सोडा. मला पाय आहेत.

राज्य सरकारनं ठरवलं की जिल्हे फार झाले, कमी करायचे. कचेऱ्याही कमी. नवा नकाशा आला त्यात रोटेनलुख पलीकडच्या जिल्ह्यात गेलं होतं. पलीकडच्या कचेरीला बसनं जायचं तर तीन ठिकाणी उतरायचं, आणि त्यातल्या एका थांब्याला नुसतं गवत. व्हीलचेअर गवतात उभी राहते, पुढे जात नाही. फ्राऊ नोआकनी नकाशा स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरला, चष्मा लावून बराच वेळ बघितला, आणि म्हणाल्या की हा ज्यानं काढला त्याला आई नसावी. मी त्याच दुपारी पहिलं पत्रक लिहिलं. "आमचं गाव विकलं कुणी?" असा काहीतरी मथळा होता. चांगलं होतं पत्रक.

सरकारी सुनावणी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये होती. मी दारात पत्रकं वाटत होते. आत मंचावर मंत्रालयातले साहेब, आणि त्यांच्या शेजारी ज्याच्या गणितावरून नकाशा काढला तो तज्ज्ञ. तज्ज्ञ गव्हाळ रंगाचा, कोटाच्या खिशातून दोऱ्याचं टोक लोंबतंय. त्यांनी माझं पत्रक वाचलं, खाली छापलेलं माझं नाव वाचलं, आणि मधल्या चहाच्या वेळेत गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. मला वाटलं आता वाद होणार, मी तयार होते. ते शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाले, "कुठल्या आपण? आणि जेवणाचं काय करता या गावात?" अख्खं गाव बघत होतं. शत्रूच्या गोटातला माणूस माझ्याशी कुणाला न कळणाऱ्या भाषेत हसून बोलत होता. त्यानंतर आठवडाभर मला गावात सांगत फिरावं लागलं की तो माझा कोणी लागत नाही.

मंडळात मात्र उलटी तऱ्हा. आपल्या माणसानं जर्मनांचे जिल्हे आखले, याचं तिथे कौतुक ओसंडत होतं. दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांना शाल दिली. मी उभी राहून विचारलं की आपल्या माणसानं कुणाची तरी बस काढून घेतली तर शाल द्यायची की जाब विचारायचा. अध्यक्ष म्हणाले, मुक्ता, प्रसंग काय, तू बोलतेस काय. काका शाल खांद्यावर घेऊन म्हणाले की प्रश्न बरोबर आहे, जागा चुकली आहे, रविवारी घरी ये. काकूंनी लगेच मटार करंज्या करते म्हणून सांगून टाकलं. मी गेले. करंज्यांसाठी गेले असं म्हणा हवं तर.

त्या रविवारी काकांनी जेवणाचं टेबल उधळलं. वाट्या म्हणजे गावं, चमचे म्हणजे रस्ते, दोन पातेली म्हणजे दोन कचेऱ्या. चमच्याला चमचा जोडत जायचं. प्रत्येक वाटीपासून कोणतं पातेलं आधी गाठता येतं ते बघायचं. मग दोन्ही बाजूंना माणसं साधारण सारखी पडतायत ना, ते बघायचं. नाही पडत, तर कडेच्या वाट्या इकडच्या तिकडे. आणि जिल्हा सलग राहायला हवा, मधेच दुसऱ्याची वाटी नको. "अहो, आमटी आहे त्या कचेरीत, गार होतेय," काकू म्हणाल्या. काकांना ऐकू गेलं नाही. मी विचारलं की कुठली वाटी पलीकडे ढकलायची हे कोण ठरवतं. म्हणाले, यंत्र ठरवतं, पण यंत्रानं काय बघून ठरवायचं ते मी ठरवतो. साहेबांना हवी होती सरासरी. सगळ्यांचा मिळून प्रवास कमी झाला की साहेब खूश. "सरासरीत कुणाचंच घर नसतं. मी त्यांना सांगितलं, शेवटच्या घरापासून सुरुवात करू. सगळ्यात जास्त वेळ ज्याला लागतो, त्याचा वेळ आधी कमी करू."

ऐकायला फार छान. मी विचारलं, मग रोटेनलुख? ते म्हणाले की रोटेनलुख शेवटचं नाही, पलीकडच्या कचेरीला बरंच जवळ आहे.

मी म्हटलं, "कशानं?"

काकू हसल्या, त्यांना लपवता आलं नाही. मग काकांनी कबूल केलं की गाडीनं. मंत्रालयाच्या करारात गाडीचाच वेळ धरायचा असं लिहिलं होतं. बसची वेळापत्रकं दर वर्षी बदलतात, त्यावर जिल्हे आखता येत नाहीत, असं साहेबांचं म्हणणं. म्हणजे बघा. आयुष्यभर लोकांच्या जेवणात माती कालवून जो प्रश्न विचारला, तो प्रश्न सरकारला विचारायची वेळ आली तेव्हा या माणसानं सही करून टाकली. मी तसं तोंडावर बोलले. ते म्हणाले, विचारला होता, उत्तर नाही असं मिळालं, मग गाडीनं तरी नीट मोजावं म्हणून थांबलो. मी गेलो असतो तर त्यांनी पट्टी घेतली असती.

त्यांची आणखी एक खोड. माझं कुठलंही पत्रक हाती लागलं की लाल पेन काढून विशेषणं खोडायचे. क्रूर गेलं, निर्लज्ज गेलं, ऐतिहासिक गेलं. शेवटी पानावर एवढंच उरे की एका गावातून एका कचेरीला थेट बस जाते आणि दुसरीला जात नाही. कागद परत देत म्हणायचे, हे खरं आहे, बाकी तुझा राग आहे. मी म्हणायचे, काका, राग काढला तर पत्रक वाचणार कोण? ते म्हणायचे, ज्याला बस पकडायची आहे तो. मी ते खोडलेले कागद केराच्या डब्यात टाकायचे आणि मूळचंच छापायचे.

पण गाडीचा वेळसुद्धा मला पटत नव्हता. गावातून पलीकडच्या शहराला गाडीनं जायचं तर जंगलातून लांबचा वळसा आहे, हे मला माहीत होतं, मी त्या रस्त्यानं गेले होते. एका शनिवारी मी त्यांना संगणक उघडायला लावला. दाखवा मला, कोणत्या रस्त्यानं आम्ही जवळ आहोत. काकांनी नकाशा मोठा केला. रोटेनलुखच्या मागच्या शेतातून एक बारीक रेघ निघत होती, आउटोबानच्या रास्टप्लाट्झला, म्हणजे ट्रकवाले जिथे थांबतात, शौचालयाला जातात त्या तळाला, मागून भिडत होती आणि तिथून सरळ आउटोबानवर चढत होती.

ती रेघ मला माहीत होती. गावातल्या प्रत्येकाला माहीत होती. रास्टप्लाट्झच्या मागे एक फाटक आहे, फक्त देखभालीच्या गाड्यांसाठी, तशी पाटी लावलेली. साखळी नुसती अडकवलेली असते, कुलूप कधीचं गेलंय. गावातले गाडीवाले रोज तिथून जातात. त्याला ते "हिंटनरुम" म्हणतात, मागून. बाहेरच्या माणसासमोर तो शब्द कुणी काढत नाही. मला फ्राऊ नोआकनी सांगितला तो मी राहायला येऊन बराच काळ झाल्यावर, आणि आवाज उतरवून.

हा रस्ता कुठल्याही सरकारी नकाशात नाही, मग तुमच्याकडे कसा आला, मी विचारलं. काकांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. यंत्राला रस्ते कुणी शिकवावे लागत नाहीत, म्हणाले. लोकांच्या गाडीतल्या फोनवरून कळतं गाडी कुठून गेली. पुष्कळ गाड्या शेतातून जात असतील तर तिथे रस्ता आहे. स्टुटगार्टला त्यांनी हीच गोष्ट वर्षानुवर्षं यंत्राच्या गळी उतरवली होती. आणि रोटेनलुखचे हुशार गावकरी चोरवाटेनं जाताना फोन चालू ठेवून, वर रस्ता विचारत जात होते. त्यांनी स्वतःच, रोज, दोन्ही वेळा, सरकारला कळवलं होतं की आम्ही पलीकडे जवळ आहोत.

मी म्हटलं, "काका, हा रस्ता काढून टाका."

"का?"

"बंद आहे."

"मग गाड्या कशा जातात?"

उत्तर द्यायचं तर गावाला उघडं पाडावं लागलं असतं. मी नाही दिलं. मी म्हटलं की यात एका आजारी माणसाची बस आहे, तुम्ही एक रेघ पुसलीत तर कुणाला कळणार नाही, आपलं माणूस म्हणून एवढं करा. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा नकार नेहमी 'तर मग' अशा अर्थाच्या एका जर्मन शब्दानं सुरू होई. तो आला.

"आल्झो. तुझ्यासाठी आज रस्ता पुसला, तर उद्या साहेबांसाठी काढावा लागेल. मग नकाशा कशाला, चित्रच काढतो."

मी तोंडाला येईल ते बोलले. साहेबाची थुंकी झेलता म्हणाले. फ्राऊ नोआक म्हणाल्या तेच खरं, तुम्हाला आई नसावी, हेही म्हणाले. काकू आतून आल्या. त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही नाही चढवला. म्हणाल्या, "मुक्ता, यांची आई तालुक्याला दवाखान्यात नेता नेता वाटेत गेली. घाट होता मध्ये. तू आता घरी जा बाळ." मी गेले. जिन्यात मला वाटलं की या माणसानं त्या घाटापासून काहीच शिकू नये याचा अर्थ काय. आजही मला तो प्रश्न पडतो, नाही पडत असं नाही.

दुसरी सुनावणी त्याच हॉलमध्ये. साहेबांनी पडद्यावर आकडे दाखवले, रोटेनलुख किती जवळ आहे ते सांगितलं, आणि विषय संपला अशा आवाजात विचारलं की तज्ज्ञांना काही जोडायचं आहे का. काका उठले. हॉलमध्ये फाटकातून जाणारा सगळा गाव बसला होता.

काका जर्मन हळू बोलत, शब्द पाटावर मांडल्यासारखे. म्हणाले, "या गावातून आउटोबानला जाणारा रस्ता आहे आणि नाही. मी जाऊन बघून आलो. लोक जातात, म्हणून आहे. मनाईची पाटी आहे, म्हणून नाही. सरकारनं दोनातलं एक निवडावं. फाटक कायद्यानं उघडून द्यावं आणि मग गाव पलीकडे न्यावं, किंवा फाटक बंद धरावं आणि गाव आहे तिथे ठेवावं. ज्या दारातून जायला मनाई केली, त्याच दारातून लोकांना कचेरीत बोलावता येणार नाही."

मग खाली बसले. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. गावाचा पांढरा. माझ्या मागे कुणीतरी पुटपुटलं की त्या मुलीनं सांगितलं याला, दोघं एकाच देशातले.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. फाटक उघडणं रस्ता खात्याला परवडणारं नव्हतं, त्यांनी त्याच आठवड्यात समोर काँक्रीटचे ठोकळे आणून टाकले. हिंटनरुम संपलं. गोदामात कामाला जाणारी पोरं जंगलाच्या वळशानं जायला लागली, अंधारात घर सोडायला लागली. बेकरीची गाडी गावात येते तिच्यासमोरच्या रांगेत माझ्याशी कुणी बोलेना. माझ्या सायकलची हवा जायला लागली, एकदा नाही, अनेकदा. आणि नवं गणित झालं, त्यात रोटेनलुख पलीकडच्या कचेरीपासून खरोखरच दूर निघालं. नवा नकाशा आला. गाव जुन्याच जिल्ह्यात राहिलं. बस राहिली. उवेला फळी टाकणारा ड्रायव्हर राहिला.

फ्राऊ नोआकनी अलुबुखाराचा केक केला, मोठं ताट भरून, आणि अर्धा बांधून माझ्या हातात दिला. त्या माणसाला दे, म्हणाल्या. त्याच्या आईबद्दल जे बोलले ते मी मागे घेते, पण त्याला सांगू नकोस.

मी केक घेऊन गेले तेव्हा काकांचं घर खोक्यांत भरलं जात होतं. संस्थेचं काम संपलं होतं, काकूंना जर्मन थंडी सोसेना, दोघं पुण्याला परत चालले होते. मला जिंकल्यासारखं वाटत होतं आणि त्यांनी ते बघावं असंही वाटत होतं. मी सांगितलं, नकाशा बदलला, गाव वाचलं. काका पुस्तकं भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आणि पलीकडे कोण गेलं?"

मी म्हटलं, म्हणजे?

"वाट्या, मुक्ता. माणसं सारखी पडायला हवीत. तुमची वाटी इकडे राहिली, तर इकडची दुसरी तिकडे गेली असणार. कोणती?"

मला माहीत नव्हतं. मी नकाशात फक्त आमचं गाव बघितलं होतं. काकांनी सांगितलं. हिंटरब्राख. दुसऱ्या कडेचं गाव, आमच्यापेक्षा लहान, तिथे सुनावणी झाली नाही कारण तिथे कुणी पत्रक काढलं नाही. मी चिडले. तुम्हाला ठाऊक होतं तर आधी का नाही बोललात, मी विचारलं. ते म्हणाले, अहवालात लिहिलंय, वाचणाऱ्याला दिसतं. हे असं उत्तर. मी केकचा डबा खोक्यावर आपटला आणि म्हटलं की मग तुमच्या या गणितात कुणीतरी मरणारच असं म्हणा ना सरळ.

"गेनाऊ," काका म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. पहिल्यांदाच माझ्याकडे बघत. "कचेऱ्या किती ठेवायच्या, ते मला ठरवून दिलं होतं. तेवढ्या कचेऱ्यांत कुणीतरी शेवटचं राहणारच. मी फक्त कोण ते शोधलं. एक कचेरी वाढवली की दोन्ही गावं सुटतात, ते गणित मी साहेबांपुढे ठेवलं होतं, त्यांनी पान उलटलं. तू वर्षभर माझ्याशी भांडलीस. कचेऱ्या ज्यांनी मोजून दिल्या, त्यांच्याशी एकदा तरी?"

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे धरून तशाच उभ्या राहिल्या. मी चहा घेतला नाही. निरोपाचा नमस्कारसुद्धा मी काकूंना केला, त्यांना नाही.

पुण्याहून त्यांचा फोन कधी आला नाही, मीही केला नाही. काकू अधूनमधून करत. या वसंतात एका सकाळी काकूंनीच कळवलं की काका गेले, झोपेत, दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही. मी रडले नाही. भांडण अर्धं सोडून हा माणूस निघून गेला, याचाच राग आला. माझ्याकडे उत्तर तयार होतं. उत्तर हे होतं की तो प्रश्न तुम्ही हॉलमध्ये, साहेबांसमोर, सगळ्यांदेखत विचारायला हवा होतात, खोकी भरताना माझ्यासमोर नाही. हे मी त्यांना सांगणार होते. आता इथे लिहून ठेवते.

त्याच आठवड्यात हिंटरब्राखला आमच्या संघटनेची पहिली सभा होती. मागणी एकच, आणखी एक कचेरी. रोटेनलुखमधून मी सगळ्यांना बोलावलं होतं. आपलं गाव वाचल्यावर दुसऱ्याच्या गावात कोण जातं. आल्या फक्त फ्राऊ नोआक, आणि उवे. बसनं. पलीकडच्या कचेरीच्याच वाटेनं, तीन ठिकाणी उतरून, त्या गवताच्या थांब्यावर कुण्या अनोळखी ट्रकवाल्यानं खुर्ची उचलून दिली म्हणून. दोघं दारात पोचली तेव्हा माझं भाषण अर्ध्यावर आलं होतं आणि कुणी ऐकत नव्हतं.

पुढच्या रांगेतल्या एका शेतकऱ्यानं त्यांना विचारलं की तुम्ही कुठल्या. त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, हां, म्हणजे ज्यांचं गाव वाचलं ते तुम्ही. मग इथे कशाला आलात?

फ्राऊ नोआक अजून धापा टाकत होत्या. म्हणाल्या, "आमच्या जागी तुम्ही गेलात म्हणून."

मग तो शेतकरी उठला, त्यानं शेजारच्या दोन खुर्च्या बाजूला सारल्या आणि उवेची व्हीलचेअर पुढच्या रांगेत ओढून घेतली.